ह्यांची पवनचक्की

४ एप्रिल १९५४, रविवार

हे पुन्हा कुर्ल्याच्या भंगारबाजारात! चहा घेऊन गेले ते दुपारी मोटारीचा गंजका डायनामो घेऊन परतले. गच्चीवर पवनचक्की बसवणार म्हणे. वाऱ्यावर बॅटरी भरायची, घरात विजेचा दिवा लावायचा. मुलुंड स्टेशनाकडच्या बंगल्यांत वीज आली, आपल्या गल्लीत अजून खांबसुद्धा नाहीत. "थांबायला वेळ नाही मला," म्हणाले. एवढी कसली घाई? विचारलं तर कंदिलावर घसरले. "काच पुसतेस की नाही? उजेडच पडत नाही." मी रोज राखेनं लख्ख करते!

८ एप्रिल

मागच्या रविवारी विमलाही ह्यांच्याबरोबर होती! हे बोलले नाहीत, शेजारच्या अनंतरावांनी सांगितलं. विमला म्हणजे तळमजल्यावरची. दवाखान्यात नोकरी करते, नवरा बोटीवर. भंगारात तिचं काय ठेवलंय?

११ एप्रिल

जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या तासून चक्कीची पाती केली. दिवसभर फळीवर बोटं फिरवत बसले होते. एवढ्या मायेनं माझ्या पाठीवरून कधी हात फिरवला नाही! अंगठा कापून घेतला तो वेगळाच. लक्ष कुठं असतं कोण जाणे. म्हणजे, मला ठाऊक आहे.

अनंतराव जिन्यातून ओरडले, "काय ओ मधुकरराव, दळण कधी घेऊन येव?" हे हसले. माझ्याशी हसून किती दिवस झाले.

१७ एप्रिल

दिवेलागणीला कंदील आणून ठेवला. दिव्याला हात जोडायची रीत ह्यांच्याच घरची, सासूबाईंनी मला लावलेली. आणि हे तसेच बसून! "दिवा लावला," म्हटलं तेव्हा दचकून हात जोडले. हल्ली रोज सांगावं लागतं. देवधर्मसुद्धा सुटला का माणसाचा?

२२ एप्रिल

भरबाजारात. समोरून हे आणि विमला. तिचा हात ह्यांच्या कोपराला! मी भाजीची पिशवी घेऊन चार पावलांवर उभी. ह्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं — आणि पुढे निघून गेले. बायकोला ओळख दाखवली नाही! विमलेनं मात्र मान खाली घातली. घालेलच.

२३ एप्रिल

बोलत नाही मी. हेही विचारत नाहीत.

२७ एप्रिल

ऑफिसातून रजा काढली, तीही महिनाभराची. ड्राफ्ट्समनची एवढी चांगली नोकरी! आज दारालाच धडकले. मी हात पुढे केला नाही.

विमलेला जिन्यात गाठलं. "काय चाललंय गं तुमचं?" ती रडायलाच लागली. "वहिनी, त्यांनी शपथ घातलीय मला. दिवा लागू दे, मग तेच सांगतील." शपथ! म्हणजे आहेच काहीतरी. माझ्या घरातली गोष्ट तिला ठाऊक, मला नाही. जीव नुसता जळतोय.

३० एप्रिल

चक्की काल चढली. अनंतरावांनी दोर ओढला, हे खालून वायर जोडत होते. दुपारपासून गरगर फिरतेय, बसची टाकून दिलेली बॅटरी भरतेय. सबंध गल्ली माना वर करून बघते.

मी पातळं बांधून ठेवलीत. परवा सकाळी पार्ल्याला, आईकडे. उद्या ह्यांचा दिवा लागू दे. अंधारातून उठून गेली असं कोणी म्हणायला नको.

१ मे

दिवेलागणीला सगळे आमच्या खोलीत. ह्यांनी चाचपत बटण दाबलं. दिवा लागला! एवढा लख्ख की कोपऱ्यातली जळमटं दिसली. अनंतराव, विमला, मी — सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. हे बल्बासमोर हातभर अंतरावर, डोळे सताड उघडे.

हळूच म्हणाले, "लागला का गं?"

हो म्हटलं. मग त्यांचे दोन्ही हात धरून मीच जोडले.