काठाशी नाव नाही

३ मार्च
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, कुणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय. पुढेमागे संशोधकांची गैरसोय नको.

काका हो म्हणाले! काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, कवी. त्यांचा चित्रकार मित्र गेल्या वर्षी गेला. त्याच्यावर एक कविता लिहिली आणि मग पेन ठेवलं ते ठेवलंच. बाहेर पडत नाहीत, हसणं तर विसरा. त्या कवितेवर मी प्रायोगिक फिल्म करणार. एप्रिलमध्ये चित्रकाराचं प्रदर्शन आहे, तिथे दाखवायची. काकांची अट एकच : आधी मला दाखव.

घरात माझी ख्याती अर्धवटराव अशी आहे. गिटार, जर्मन, मधमाश्या. काकांनी एकदा पाठ थोपटली की सगळ्यांची तोंडं बंद.

४ मार्च
शेवटच्या दोन ओळींत सगळी फिल्म आहे :
सगळं निळं ओतून गेलास,
काठाशी नाव नाही.
वाचलं आणि मला अख्खा तलाव दिसला. मित्र पैलतीरी गेला. मागे राहिलेल्याला जायला नाव नाही. अंगावर काटा.

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, ती नाव की ते नाव? चित्राखाली सही नसेल केली त्यांनी. बायको बँकेत आहे. तिला जिथे तिथे सह्याच दिसतात. काकांना एक फोन करून विचार, म्हणाली. अर्थ विचारायला मी काय दहावीत आहे?

९ मार्च, सकाळ
चैन नाही. या खोलीतून त्या खोलीत. विचार चालू आहे. बायको म्हणते, फरशी झिजेल. उद्यापासून पहाटे उठून पटकथा.

१३ मार्च
पटकथा रद्द. प्रायोगिक फिल्मला पटकथा असणं हाच दोष. (पहाटे उठणंही त्याबरोबर आपोआप रद्द.)

१६ मार्च
शूटिंग सुरू. कॅमेऱ्यावर मेहुणा. एरवी लग्नं शूट करतो, पण हात स्थिर आहे. तलावावर नाव भाड्याने घेतली. मेहुणा म्हणाला, दाजी, कवितेत नाव नाहीच आहे ना? मग भाड्याने कशाला आणली? नुसतं पाणी काढू.

अशा माणसांना काय सांगणार. नसलेली नाव दिसायला आधी ती असावी लागते. नावाडी सारखा विचारत होता, कुठे जायचं? मी म्हटलं, कुठेच नाही. त्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने खांदे उडवले. फितुरी.

२० मार्च
नाव फ्रेमबाहेर ढकलली की वाऱ्याने परत आत. सबंध दिवस हेच. नवीन कल्पना : नाव बुडवायची. नावाडी ऐकून इतका चिडला की मला किनाऱ्यावर सोडून नाव घेऊन निघून गेला. तो शॉट अप्रतिम होता. मेहुणा तेव्हा चहा पीत होता.

२७ मार्च
सुताराकडून प्लायवूडची नाव करून घेतली. बुडेना. दगड भरले, बुडेना. शेवटी मी स्वतः आत उभा राहिलो. मी बुडालो. नाव तरंगत राहिली. मेहुण्याने हे मात्र सगळं नीट शूट केलं.

३१ मार्च
ताप. शिंका. काकांचा फोन, कुठवर आलं? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. अजून सुरुवात कुठली ते ठरलेलं नाही. एप्रिलपासून रोज संपादन, मोबाइल बंद.

५ एप्रिल
झाली! बारा मिनिटं. पाणी, पाणी, नाव, पाणी, मी बुडताना (स्लो मोशन), पाणी. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं. बायकोने पाहिली. म्हणाली, पुरी केलीस हे खरंच छान. मग परत म्हणाली, पण काकांना फोन कर रे आधी. उद्या प्रत्यक्षच दाखवतो म्हटलं.

६ एप्रिल
काकांच्या खोलीत लॅपटॉप लावला. काका पडद्याला नाक लावून पाहत होते. फिल्म संपली. काका म्हणाले, होडी कशाला आणलीस रे?

मी पैलतीर वगैरे सांगायला लागलो. ते ऐकत राहिले. मग सांगितलं, तो चित्र पुरं झाल्यावर सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव टाकायचा, कोपऱ्यात, अगदी काठाशी. शेवटचं निळं चित्र तसंच राहिलं. आणि पाण्याला तर तो एवढा घाबरायचा की आयुष्यात कधी होडीत बसला नाही.

माझे कान तापले. म्हटलं, जमीन दुभंगली तर बरं. आणि काका हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ठसका. काकू धावत आल्या. परत लाव, म्हणाले. मी बुडतो तिथे तर मांडीवर थापा मारल्या. डोळे पुसत म्हणाले, थांब, हे त्याला सांगितलंच पाहिजे. आणि हात फोनकडे गेला.

तिथेच थांबला.

मग ते रडले. पोरासारखे, आवाज करून. वर्षभरात पहिल्यांदा, काकू नंतर मला म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मलाही फार वाईट वाटलं, आणि फिल्मचं नव्हे.

प्रदर्शनात दाखवायची नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही.

घरी आलो. बायकोने विचारलं, कशी वाटली काकांना? म्हटलं, ढसाढसा रडले. तिने लगेच तिच्या आईला फोन लावला : अगं, फिल्म बघून काका रडले!