पायरीवरची पेज

३ नोव्हेंबर
आले एकदाची! लांज्याजवळच्या या वाडीत खोली ठरवून ठेवली, शाळेत रुजू झाले आणि राहायला यायच्या आदल्याच दिवशी स्कूटरवरून पडून जबडा मोडून घेतला. काय मुहूर्त! रत्नागिरीत ऑपरेशन झालं. आता एक डिसेंबरपर्यंत दात तारांनी बांधलेले. बोलणं बंद, चावणं बंद, जे काही ते गाळलेलं आणि नळीने. धाकटी बहीण दर्शना मला सोडून सावर्ड्याला नोकरीवर गेली. दर रविवारी येईल.

घरमालकीण जाईबाई साठीच्या, एकट्याच, जीव लावणाऱ्या. मला ‘मास्तरीणबाय’ म्हणतात. मी पाटीवर ‘मीठ कमी आहे’ लिहून दाखवलं, तर अक्षर छान आहे म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणजे आमचा संसार हातवाऱ्यांवर!

६ नोव्हेंबर
सकाळी नाचणीची आंबील, दुपारी कुळथाचं कढण, संध्याकाळी तांदळाची पेज. जाईबाई सगळं फडक्यातून दोनदा गाळतात. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना समजावायची वेळच आली नाही, हात सरावलेला आहे. पण भूक काही भागत नाही. आज शेजारी सुकट भाजली, तर मला रडू आलं. रडल्यावर नाक चोंदलं, आणि तोंड उघडता येईना तेव्हा जी घाबरगुंडी उडाली! आता रडायचीही चोरी.

१० नोव्हेंबर
संध्याकाळी जाईबाई वाडीत बारशाला गेल्या. भुकेने जीव कासावीस झाला. मागच्या पायरीवर पेल्यात गाळलेली पेज दिसली, वर पान झाकलेलं. माझ्यासाठीच निवत ठेवली असणार. शेवटच्या थेंबापर्यंत ओढली. इतकी गोड पेज मी कधी प्यायले नव्हते.

जाईबाई परतल्या, रिकामा पेला बघितला आणि पायरीवरच बसून ढसाढसा रडल्या. मग परसाकडे हात जोडले. मी खुणेने विचारलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या दत्तारामकाकांकडून कळलं. जाईबाईंचा मुलगा राकेश मुंबईला होता. आठ महिन्यांपूर्वी तंबाखूपायी झालेल्या तोंडाच्या आजाराने गेला. शेवटचे दोन महिने नुसत्या गाळलेल्या पेजेवर काढले त्याने. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. तेव्हापासून या रोज त्याच्या नावाने पायरीवर पेज ठेवतात, आणि रोज ती तशीच राहते. परवा पहिल्यांदा पेला रिकामा झाला. ‘सुटला माजा पोर’ म्हणून वाडीभर सांगत फिरल्या म्हणे.

लाज वाटली. पाटीवर लिहिलं, ‘ती पेज मी प्यायले.’ जाईबाईंनी पाटी कौतुकाने बघितली. दत्तारामकाकांना वाचून दाखवायला लावता आलं असतं. माझा धीर झाला नाही.

१५ नोव्हेंबर
भूक नाही. आंबील तशीच ठेवली, तरी पोट भरलेलं. जिभेवर तंबाखूची चव. मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. आणि जीभ दातांवरून आपोआप फिरते, जणू मोजतेय. मी थांबवते. पुन्हा सुरू.

१८ नोव्हेंबर
दुपारी जाईबाई भांडी घासत होत्या. माझ्या बांधलेल्या दातांमागून पुरुषी आवाजात हाक आली, ‘आये.’

मी नाही मारली. जाईबाईंच्या हातातलं भांडं पडलं. धावत आल्या, माझे गाल कुरवाळले. भूक लागली काय रं बाला, असं विचारलं. मी जोरजोरात नाही म्हणून मान हलवत होते. तोंड म्हणालं, ‘व्हय.’

२३ नोव्हेंबर, रविवार
दर्शना आली. सगळं कागदावर लिहून दिलं. ती वाचत असताना माझ्या तोंडातून माझाच आवाज, दातांतून घुसमटलेला — गंमत केली गं. दर्शना हसली. माझ्या पाठीत धपाटा घातला. मी तिचा हात सोडत नव्हते. एसटी चुकेल म्हणाली.

२७ नोव्हेंबर
चार दिवस राहिले. तारा निघाल्या की मोठ्याने ओरडेन, सगळ्यांना सांगेन. फक्त तोंड उघडू दे. तोही तेच म्हणतो. आतून. फक्त तोंड उघडू दे.

१ डिसेंबर
तारा काढल्या. डॉक्टर खूश. कसं वाटतंय विचारलं. ‘छान,’ तोंड म्हणालं. मी नाही. दर्शना सावर्ड्याला चल म्हणत होती. तोंड म्हणालं, जाईबाई एकट्या आहेत, तिथेच राहते. गुणाची ताई माझी, म्हणाली. तिनेच रिक्षाने इथे आणून सोडलं. वही उशाखाली होती, ती काढून दर्शनाच्या हातात देणार तोच जाईबाई ताट घेऊन आल्या. दर्शना निघून गेली.

२ डिसेंबर
खातंय. भाकरी, सुकट, पुन्हा भाकरी. जबडा फाटतोय, रक्त येतंय, थांबत नाही. जाईबाई वाढतायत. डोळे भरून बघतायत. एकदाही माझ्या डोळ्यांकडे नाही —

मी ओरडते. बाहेर ‘आये, अजून’ येतं.

३ डिसेंबर
हात अजून माझा. दर्शना, रविवारी ही वही वाच. मी येत नाही म्हणेन. ऐकू नकोस. हसेन, लाडीगोडी लावेन, आईची शपथ घालेन — ती मी नाही. ओढत ने. पण आधी तोंड बांध. तारांनी बांध, दोरीने बांध, कशानेही, पुन्हा उघडता येणार नाही असं —

जाईबाई हाक मारतायत. मला नाही. पाय उठले. दर्शना, मी अजून आत आहे, मी