शून्यानंतरचे अकरा किलोमीटर

कतीफ,
शनिवार, सकाळ

तीर्थस्वरूप म्हणावे तर तुम्ही माझ्याहून अवघ्या चार वर्षांनी मोठे, आणि नुसते ‘प्रिय’ म्हणावे तर पत्नीच्या थोरल्या भावाला तसे लिहिण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तेव्हा मध्यम मार्ग काढून, श्रीमान जगदीशराव, आपणांस सदानंदाचा सादर नमस्कार. आपली प्रकृती, वहिनींचा गुडघा आणि मोटारसायकलची चेन ही तिन्ही सुस्थितीत असतील असे धरून चालतो. (क्रम तुमच्या लेखी उलटा असणार, याची कल्पना आहे.) फोन असताना पत्र का, असे विचाराल. कारण फोनवर तुम्ही टायरच्या हवेपासून सुरुवात करता आणि घाटातल्या वळणांपाशी येईस्तोवर माझी जेवणाची सुट्टी संपते. पत्राला हा गुण आहे, की समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

पद्मिनीला गुहागरला जाऊन परवा चौदा महिने झाले. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा ‘तीन महिन्यांत येते’ म्हणून ती निघाली होती. हाड जुळले, वॉकर आला, पण एकटीने राहण्याइतक्या त्या अजून सावरल्या नाहीत, आणि गुहागर सोडून कुणाकडे जाऊन राहण्याइतक्या नमत्या त्या कधीच नव्हत्या. सोबतीला दोन बायका ठेवून पाहिल्या. पहिलीला आमटी जमत नव्हती म्हणून गेली. दुसरीला जमत होती, म्हणून तर ती आठवडाही टिकली नाही. इकडे पद्मिनीच्या परतीच्या परवान्याची मुदत मी दोनदा वाढवून घेतली. आताची एकतीस मार्चला संपते. त्यानंतर तिचा इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला; म्हणजे सरकारदरबारी ती इथली राहिली नाही, आणि मग नवा व्हिसा, नवी कागदपत्रे, सगळे अथपासून. मी काही तक्रार करीत नाही. मी फक्त मोटारसायकल घेतली.

घेतली ती तुमच्याच उपदेशाने, हे विसरू नका. आमच्या प्लँटवरचा एक अभियंता कायमचा मायदेशी निघाला, त्याची ही. वजन दोनशे अडुसष्ट किलो, टाकी वीस लिटरची, पुढे काच, मागे ऐसपैस आसन आणि त्याला टेकायला पाठ. (हे शेवटचे वाचून मी होकार दिला, इंजिनाविषयी तो जे बोलला ते मी ऐकले असे त्याला वाटले.) इथे एक मौज सांगतो. अरब सहकाऱ्यांनी गाडी पाहिली आणि विचारले, पळते किती? मराठी मंडळात बातमी गेली आणि सोळा जणांनी एकच प्रश्न केला, ॲव्हरेज किती देते? ज्यांच्या पायाखाली अवघ्या जगाला पुरेल इतके तेल आहे आणि जे तेच उपसून पोट भरतात, त्यांचा हा प्रश्न! पद्मिनीने फोनवर पहिले वाक्य तेच उच्चारले. मागून सासूबाईंचा आवाज आला, “काय ग, किती देते म्हणाला?” मी म्हणालो, एकवीस. पद्मिनीने आकडा आत कळवला. मग सासूबाई म्हणाल्या, “मग परत कर म्हणावं.”

आता इतकी मोठी गाडी कशासाठी, तेही सांगून टाकतो. पद्मिनी इथे माझ्याबरोबर अकरा वर्षे राहिली आणि अकरा वर्षांत तिने या गावाविषयी एकच तक्रार केली. खजूर आवडला, मासळीबाजाराच्या वासाशी तिने (शाकाहारी असून) तह केला, उन्हाळाही सोसला. पण इथला समुद्र उलटा आहे, हे तिला मान्य झाले नाही. गुहागरच्या माणसाचा सूर्य पाण्यात बुडतो. इथे तो पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी पाण्याच्या टाक्यांमागे, इमारतींच्या गच्चीवरच कुठेतरी नाहीसा होतो. “हे काय मावळणं झालं?” असे ती किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून म्हणायची. तर या देशाच्या दुसऱ्या अंगाला थुवाल नावाचे गाव आहे, तिथला समुद्र सुलट आहे. अंतर तेराशे किलोमीटरच्या वर. तिला मागे बसवून तिथे न्यायचे, इतकाच माझा संकल्प. संकल्पाला गणित लागते, आणि तुम्हीच शिकवले आहे की दोघे बसले की ॲव्हरेज उतरते. किती उतरते, हे प्रयोगाने ठरवायचे. आणि प्रयोगाला पद्मिनी उपलब्ध नव्हती.

म्हणून मी तांदूळ घेतले. बासमतीची वीस-वीस किलोंची दोन पोती, शिवाय वर कणकेची एक पिशवी. बेरीज किती झाली ते लिहीत नाही, पत्रे फुटतात. तीनही जिन्नस मागच्या आसनावर पाठीला टेकवून हुकाच्या रबरी दोऱ्यांनी आवळले. मग तुमचे ते वाऱ्याच्या अडथळ्याविषयीचे व्याख्यान आठवले, म्हणून सर्वांत वर पद्मिनीसाठी आणून ठेवलेले हेल्मेट बसवून त्याचा पट्टा आवळला. महिन्यापूर्वीच्या एका शुक्रवारी पंपावर जाऊन आयुष्यात प्रथमच ‘फुल्ल’ असे म्हणालो. (आपण दोघेही ‘पन्नासचं टाक’ म्हणत वाढलेली माणसे. तो शब्द उच्चारताना अंतरपाट दूर झाल्यासारखे वाटले.) आणि हुफूफच्या पुढचा एक मोकळा रस्ता धरला.

तीनशे तीस किलोमीटरांवर, परतताना, पडद्यावर उरलेल्या अंतराचा आकडा शून्य झाला. पुढचा पंप अठ्ठावीसवर. पण मी निश्चिंत होतो, कारण ‘शून्य दाखवल्यावरही तीस किलोमीटर बिनधास्त’ हे आपले वचन मला मुखोद्गत आहे. अकराव्या किलोमीटरला गाडीने दोन आचके दिले. त्याबरोबर माझा डावा हात आपण होऊन टाकीखाली गेला, रिझर्व्हचा कॉक फिरवायला. तिथे कॉक नाही. तो या जातीच्या गाड्यांना नसतोच, हे मला बुद्धीने ठाऊक आहे, पण हाताला ते कुणी कळवले नव्हते. मग उभा राहिलो आणि पिढीचा दुसरा संस्कार जागा झाला: गाडी डावीकडे कलती करायची, म्हणजे कोपऱ्यात दडलेले पावशेर पेट्रोल नळीशी येते. स्कूटरवर आपण हे शेकडो वेळा केले. कलती केली. दोनशे अडुसष्ट किलो, अधिक बासमती, अधिक कणीक. ती आधी कलती झाली, मग तिरपी, मग माझ्याकडे न बघता सावकाश आडवी झोपली. उचलून पाहिली. पाठीने नकार दिला. अखेर शेजारी मातीत बसून मी अर्धा श्लोक रचला:

टाकी रिक्ता पतिः श्रान्तः शेषं दैवे समर्पितम् ।

(उरलेला अर्धा अजून सुचलेला नाही. पत्नी हा शब्द कुठल्या विभक्तीत घालावा, तिथे अडतो.)

वीस मिनिटांनी पाण्याचा एक टँकर थांबला आणि चालक उडी टाकून धावत, माझ्याकडे नव्हे, मागच्या हेल्मेटकडे गेला. “बाजी! बाजी को चोट तो नहीं आई?” (बाजी म्हणजे ताई.) वाकला, पोते दिसले, थबकला. मुलतानचा माणूस, नाव जुनैद. मला म्हणाला, “भाईसाब, ये कौन हैं?” खोटे सुचेना. म्हटले, हे माझ्या बायकोचे वजन आहे, ती इंडियात आहे. मी हसण्याची वाट पाहिली. तो हसला नाही. पोत्याला हात लावून त्याने अंदाज घेतला आणि म्हणाला, “हमारी वाली तो डेढ़ बोरी की है जी. तीन साल पहले थी. अब का पता नहीं.”

दोघांनी मिळून गाडी उभी केली. पेट्रोल त्याच्याकडे नव्हते, म्हणून डबा घेऊन पंपापर्यंत जाऊन यायचे ठरले. पोती गाडीपाशीच राहू द्या म्हटले, तर गडी ऐकेना. “सड़क पर अकेली छोड़ेंगे?” असे म्हणून त्याने सगळा संभार सोडवला आणि केबिनमध्ये आमच्या दोघांच्या मधोमध बसवला, हेल्मेटसकट. जाताना सतरा आणि येताना सतरा किलोमीटर आम्ही तिघे गेलो. एका वळणावर पोते माझ्या खांद्यावर कलले. मी सरळ केले नाही. जुनैद काचेतून समोर बघत राहिला.

निष्कर्ष: एकट्याने एकवीस, दोघांनी सतरा. आकडा वाईट आहे, पण मला तो पसंत आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
सदानंद

ता. क. — तुमच्या गाडीने स्पिती पाहिले, भूतान पाहिले, दोनदा लडाख पाहिले. सहज नकाशा काढला. तुमचे कोथरूड ते गुहागर, कुंभार्ली घाटाने, अडीचशेच्या थोडे वर भरते. तुमचेच छातीठोक ॲव्हरेज धरले तर एका टाकीत पोचता, वाटेत पंपाचेही निमित्त नको. बँकेतून तुम्ही निवृत्त आहात, आई तुमचीही आहे. दीड महिना जाऊन राहा. आमटीचा वाद घालू नका, वाढतील ती खा.

ता. क. २ — थुवालच्या वाटेवर पन्नास-साठ किलोमीटरला एक पंप आहे. हे मला गाडी घेण्यापूर्वीपासून ठाऊक होते. पोती मी तरीही दर शुक्रवारी बांधतो.

ता. क. ३ — मी लिहिले हे पद्मिनीला कळू देऊ नका. नवऱ्याने बोलावले म्हटल्यावर ती आईच्या वॉकरकडे बघेल आणि ‘नको’ म्हणेल. तुम्ही फक्त बॅग घेऊन दारात उभे राहा आणि म्हणा, मी राहायला आलोय. पुढचे तीच विचारील. तेवढे इंजिन मात्र बंद करा. दिवाळीत आलात तेव्हा ते फाटकाशी चालूच होते, असे सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.