खंडेनवमीला पुजलेला कॅमेरा

आश्विन शु. ५, सन ७३
उधन्याच्या माग-कारखान्यातून सुटल्यावर कमलला घेऊन जयंतीभाईच्या कॅमेऱ्याच्या दुकानी गेलो. कॉलेजात फोटोचा विषय घेतलाय पोरीने. 'काम करणारे हात' असे फोटो कोजागिरीच्या आत दाखवायचे, नाहीतर वर्गात बसू देणार नाहीत. आजवर मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर भागलं. मैत्रीण लग्न होऊन गेली.
जयंतीभाईने दोन पुढे मांडले. एक डबी कॅमेरा, कोरा, वर्षाची हमी. बोनसात आरामात बसतो. दुसरा घडीचा, जुना, कातडं झिजलेलं. त्याला सगळा बोनस जाईल.
कमल हळूच म्हणाली, "नाना, डबीला उन्हाशिवाय दिसत नाही. मला तुमच्या कारखान्यात फोटो काढायचेत."
कारखान्यात भर दुपारी दिवे लागतात.

शु. ७
जुना घरी आणलाय, पाहण्यापुरता. आवडला तर दसऱ्यानंतर पैसे द्यायचे, नाहीतर कॅमेरा परत. जयंतीभाई म्हणतो, "लई जाओ, काका. गमे तो राखजो." माझं मन डबीकडेच. जुन्याची हमी कोण देणार?
कमलची आई भाकरी थापता थापता, "फोटो कोन काढी? तुम्ही का पोर?"


शु. ९, खंडेनवमी
सकाळी मागांची पूजा. घरी येऊन पाटावर पाने-पक्कड, कात्री, विळा मांडले. शेवटी कॅमेराही ठेवला. दरवर्षीची रीत, आधी पुसायचं, मग तेल, मग गंध-फूल. कॅमेऱ्याची कळ जरा जड लागली. मागाच्या तेलाच्या कुपीतला एक थेंब काचेभोवतीच्या कड्यात सोडला. कळ अलगद दबली. बरं वाटलं. कमल दारात उभी होती. हात जोडून आत गेली.

शु. १०, दसरा
सोनं वाटून आलो तर कमल कॅमेरा घेऊन खिडकीशी. रोल घालण्याआधी कळ दाबून पाहत होती. आतली पाती उघडली ती मिटेचनात. काचेवर तेलाचा तवंग.
"पाहिलं होतं मी," म्हणाली. "तेल आतपर्यंत जाईल असं वाटलं नाही. आणि तुमच्या हत्यारांशेजारी माझा कॅमेरा मांडलात, म्हणून हटकवेना."
कॅमेरा अजून दुसऱ्याचा आहे. कोजागिरी तोंडावर आली.

शु. ११
दुकानाच्या वाटेवर मनात आलं, आपोआप बिघडला म्हणावं. जुनाच तर होता. पायरीपर्यंत तो विचार होता. मग खरं ते सांगितलं.
जयंतीभाई डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहत राहिला. "काका, आ संचो नथी." खरंच, हा काही माग नव्हे. मग हसू आलं त्याला. "मारी बा पण पूजा करे. पण फक्त चांदलो करे." म्हणजे नुसतं गंध लावते, तेल नाही.
पाती काढून पेट्रोलने धुतली. दहादा कळ दाबली, एकदा अडकली. म्हणाला, आता खात्री देत नाही. डबी न्यायची तर अजूनही न्या, याच्या धुण्याचं तेवढं द्या.
कमल रस्त्याकडे बघत उभी होती. दोन्ही कॅमेऱ्यांकडे पाठ.
"कमल, कोणता?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.
"नाना, अडकला तर?"
"ते नंतर. कोणता?"
तिने जुन्यावर हात ठेवला.

शु. १३
देवाला फूल वाहून कामावर. शेठने कमलला दुपारी आत येऊ दिलं. शेजारच्या मागावरचा शंकर, "नाना, मिशी विंचरा, पोरगी फोटो काढतेय."
"हातांचे काढतेय. तोंडाला कोण विचारतो?"
माझा माग थांबला, धागा तुटला होता. गाठ मारायला वाकलो तशी ती गुडघ्यावर बसली.
"हलू नका, नाना."
धागा चिमटीत धरून तसाच राहिलो. बाकीचे माग चालू होते. त्या खडखडाटात कळ वाजली की नाही, पाती मिटली की नाही, काही ऐकू आलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं. कॅमेरा डोळ्याला तसाच.
"अजून एकदा," म्हणाली. "हलू नका."