घोडीचा गुडघा

१४ जुलै १९९४, गुरुवार

पाखरी आज पुन्हा अडकली! गोठ्यातून बाहेर काढताना मागचा डावा पाय ताठ झाला, अगदी काठी. मागं लांबवर ताणलेला, खूर मातीत घासत. तशीच फरफटत निघाली, मग एकदम झटका बसला, पाय पोटापर्यंत उडाला आणि सुटला. थोडं बरं चालली. मग पुन्हा काठी.

मामा दोर धरून उभे होते. लग्न होऊन चार महिने झाले, सासऱ्यांशी माझं बोलणं एवढंच — "मामा, चहा." "ठेव." घोडीशी मात्र तासन्‌तास बोलतात. तिला सगळं घर सांगतात!

यांचं ठरलंय. एमआयडीसीतल्या डेअरीतून मोटारसायकलवर आले आणि डबा खाली ठेवायच्या आधीच सुरुवात — "दसऱ्यापातूर बघू. सुधरली न्हाय तर बाजार दाखवायचा. तेवढ्या जागेत जर्सी गाय बसती." मामा ताटावरून उठले. मला घोडीपेक्षा मामांचंच वाईट वाटलं.

पण एक कळत नाही. एवढा पाय अडकतो आणि ही वैरण कशी मजेत खाते? दुखतंय तरी का हिला?

१६ जुलै, शनिवार

पाखरीच्या त्या पायावर, गुडघ्यावर, जुना डाग आहे. तापल्या विळ्याचा. मामांचे चुलतभाऊ तात्याबा, त्यांनी दिलेला. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा लंगडली तेव्हा. "गुडघ्यातच दोष हाय" म्हणाले आणि दिला चटका. त्याच साली मामांनी आपली मेंढरं तात्याबांच्या वाड्यात, म्हणजे त्यांच्या फिरत्या कळपात, घातली आणि घरी बसले.

मी तो गुडघा दाबून पाहिला. सूज नाही, ऊन लागत नाही, पाखरीनं कानसुद्धा हलवला नाही. मग लक्षात आलं — हा गुडघा मागं वाकतो! माझा पुढं वाकतो. बारावी सायन्स केलंय मी बारामतीत, बेडूक फाडलाय, त्याच्या काळजाची आकृती काढून शाबासकी घेतलीय. जन्मापासून जनावरांत वाढले आणि हा प्रश्न कधी पडला नाही! कमाल आहे माझी.

२४ जुलै, रविवार

आखाडातलं मटण. वाड्यावर बोकड कापला होता, मामा मागचा अख्खा पाय घेऊन आले, खुरासकट. मी म्हटलं, हाडं मी सोडवते. हे हसायला लागले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, म्हणाल्या, "माणसं मटान खात्यात, तू काय शाळा मांडलीस?"

मांडलीच! रस्सा झाल्यावर सगळी हाडं धुऊन परातीत ओळीनं लावली. सगळ्यात वर मांडीचं हाड, ते मांसाच्या आत, पोटाला लागून. बाहेरून दिसतच नाही. त्याच्या खालच्या टोकाशी चिंचोक्याएवढं एक सुटं हाड. मी स्वतःचा गुडघा चाचपला. वाटी! बकऱ्यालाही गुडघ्याची वाटी असते. आणि तो सांधा पुढंच वाकतो, माझ्यासारखा.

मग खाली जो मागं वाकतो तो कोण? त्याच्या मागं एक हाड बाहेर आलंय, त्याला जाड शीर. मी पाय वर घेऊन आपली टाच धरली. तीच! अगं बाई, ती टाच आहे! बकरं आयुष्यभर चवड्यावर उभं असतं, आणि खूर म्हणजे नखं. पाखरी तर एका पायाच्या एकाच बोटावर, त्याच्या नखावर उभी आहे. मी चुलीपासून दारापर्यंत चवड्यावर चालून पाहिलं. पोटऱ्या भरून आल्या.

"हिला काय झालं गं बाई?" — आत्या, भिंतीला विचारल्यासारखं.

म्हणजे तात्याबांनी गुडघ्यासाठी टाचेला चटका दिला. बिचारी पाखरी!

२५ जुलै

कोंबडीचंही तसंच. कुत्र्याचंही. मांजराचंही. दिवसभर दुसऱ्यांच्या टाचा बघत हिंडतेय.

२ ऑगस्ट, मंगळवार

खरा गुडघा सापडला! पोटाची कातडी मागच्या पायाला मिळते, तिथं आत दडलाय. मी हात घालायला गेले तर मामा पुढं आले — "लाथ घालंल पोरी. थांब. मी धरतो." चार महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य!

त्यांनी तोंड धरलं, मी हात घातला. वाटी हाताला लागली, लिंबाएवढी. पाय मोकळा असतो तेव्हा ती खाली-वर सरकते. पाय अडकला की वर चढून बसते, हाडाच्या उंचवट्यावर, आणि उतरत नाही. मामांना म्हटलं, मागं घ्या हिला. त्यांनी एक पाऊल मागं रेटलं. टक्! वाटी उतरली, पाय सुटला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा टक्!

मामा हसले. मोठ्यानं. मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. "झाक झालं! मग काय, मागं मागं चालत कोकणात न्यायची का हिला?"

मग बोलतच सुटले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, मिरगाला, पाऊस तोंडावर आला की परत. बिऱ्हाड सगळं घोडीवर. हंडे, वाकळा, अंगावर पिणारी कोकरं, कोंबड्यासुद्धा. पाखरीची आई तशीच, आजी तशीच. आत्या कधी गेल्या नाहीत, रानाकडं बघायला माणूस पाहिजे म्हणून.

तेवढ्यात आत्यांची हाक — "हात धुवा आन आत या. लंगडी हाय तर हाय. ऱ्हाऊ द्या तिला."

११ ऑगस्ट, गुरुवार

शेजारची जर्सी गाय उठताना आधी मागचा भाग उचलते, पुढं गुडघ्यावर राहते, मग पुढचे पाय. पाखरी उलटी! आधी पुढचे पाय रोवते, मग मागून जोर लावून उठते. दोघीही चार पायांच्याच, मग उठण्यात एवढं वैर का?

दोन्ही प्रकार करून बघितले. जर्सीसारखं सोपं जातं. मी चारी पायांवर असताना हे आत आले. आल्या पावली बाहेर गेले.

२० ऑगस्ट, शनिवार

दुपारी पाखरी उभ्यानं झोपली होती. मान खाली, ओठ लोंबलेला, माश्या बसल्यात तरी शुद्ध नाही. एक मागचा पाय सैल, नुसतं नखाचं टोक टेकवलेलं. सगळा भार दुसऱ्यावर, उजव्यावर, चांगल्या पायावर. मी हळूच त्या उजव्या गुडघ्याला हात लावला.

वाटी वर चढून बसलेली! तशीच, जशी डावी अडकते तशी!

म्हणजे हा रोग नाहीच. घोड्याच्या गुडघ्याला कडीच असते. लावली की पाय ताठ, ताकद लागत नाही, खुशाल झोपा. निघायचं झालं की काढली. पाखरीची डाव्या पायाची कडी निघत नाही, एवढंच! भर चालताना लागते आणि अडते.

धावत जाऊन मामांना सांगितलं. ते विडी विझवून पाखरीजवळ आले. "जन्मभर घोड्या सांबाळल्या. उभ्यानं झोपत्यात ह्ये ठावं. कशा झोपत्यात ह्ये इचारलंच न्हाय कधी."

मी आज फार खूश आहे. उगीच. कोणी काही दिलं नाही तरी.

६ सप्टेंबर, मंगळवार

भवानीनगरचे जनावरांचे डॉक्टर पलीकडच्या वस्तीवर आले होते. मामा त्यांना पाखरीकडं घेऊन आले. त्यांनी तिला चालवलं, हात लावला, लगेच मान हलवली. वाटीला खाली तीन दोऱ्या असतात म्हणे, त्यातली आतली एक कापायची. उभ्या जनावराला, जागा बधिर करून. बैलांची पुष्कळ केलीत त्यांनी. "चिरा बोटाच्या पेराएवढा. लगेच सरळ चालेल."

मी विचारलं, दोरी कापल्यावर कडी लागणार कशी? ती उभ्यानं झोपणार कशी? डॉक्टर वळून माझ्याकडं बघायला लागले. "त्या पायावर कमी. दुसऱ्या पायावर झोपेल. लोळायला कोरडी जागा द्या. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मटणानं," मी म्हटलं. मामा खोकल्याचं निमित्त करून हसले.

७ सप्टेंबर, बुधवार

यांचं म्हणणं सोपं — "सरळ चालली तर ठेवा. न्हाय तर दसरा हायच." चला, एवढं तर एवढं!

आडवं लावलंय ते आत्यांनी. "पितरं तोंडावर आल्यात. त्यात हत्यार लावायचं न्हाय." मग गणपती झाल्या झाल्या, पितरांच्या आधी करू म्हटलं, तर "गौरी-गणपतीच्या मागं लगीच रगात नको." मग घोडी म्हातारी झाली. मग डॉक्टर कोवळा आहे.

१३ सप्टेंबर, मंगळवार

आज गंमतच झाली. यांनी सांगून ठेवलेला बाजारचा माणूस पाखरी बघायला आला. आत्या हातातल्या काठवटीसकट बाहेर! "घोडी इकायची न्हाय. कुणी सांगितलं तुमाला? चला!" तो चप्पल हातात घेऊन गेला.

विकू देत नाहीत. बरी होऊ देत नाहीत. मागच्या आठवड्यात तिला पदराखालून गूळ देताना मी पाहिलंय. मग या बाईला हवंय तरी काय? हाडांचं कळतं मला थोडं थोडं, आत्यांचं काही कळत नाही.

२७ सप्टेंबर, मंगळवार

झालं!

पितर पंधरवडा असूनही मामांनी डॉक्टरांना बोलावलं. आत्यांना विचारलंच नाही. तात्याबांनी तोंड धरलं, मामा मानेला बिलगून काहीतरी पुटपुटत होते. डॉक्टरांनी केस काढले, सुई दिली, थांबले. मग बोटानं दोरी चाचपली आणि माझंही बोट तिथं ठेवलं — होती! ताणलेली, पेन्सिलीएवढी जाड. बारीक सुरी आत गेली. कच्. ओल्या सुतळीचा येतो तसा आवाज. रक्त जेमतेम.

"चालवा."

पाखरी निघाली. आम्ही सगळे त्या पायाकडं बघत. वाकला. उचलला. टेकला. पुन्हा वाकला! बांधापर्यंत गेली आणि आली, एकदाही काठी नाही. तात्याबा डोक्यावरचं मुंडासं काढून उभे राहिले. मामा रडले. मी पण रडले, न लाजता.

आत्या बाहेर आल्याच नाहीत. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मला राग आला त्यांचा. एवढा आनंद दारात आणि एक पाऊल बाहेर टाकवलं नाही?

डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत ओझं नको, नुसतं फिरवा.

५ ऑक्टोबर, बुधवार

झोपते! उजव्या पायाची कडी लावून, उभ्यानं. कंटाळा आला की लोळते. जगात असे प्रश्न सुटतात तर.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

पाखरीला झेंडूची माळ. यांनी स्वतः घातली! "गाईसाठी पलीकडं छप्पर घालू. हिची जागा हिला." राहिली पाखरी! आमची राहिली! मी देवापुढं साखर ठेवली आणि निम्मी पाखरीला नेऊन दिली.

मामांचा चेहरा पार बदललाय. दोन भाकरी जास्त खातात. मला हाक मारून गोष्टी सांगतात. घाटात घोडी चढताना मान का हलवते, उतरताना ढुंगणावर का बसल्यासारखी होते. मी विचारते, ते आठवून आठवून सांगतात. या घरात मला आता माणूस मिळालं असं वाटतं.

तात्याबा सोनं द्यायला आले आणि दुपारभर मामांशी बोलत बसले. चारी खूर उचलून बघितले पाखरीचे. आत्यांनी त्यांना चहा दिला तो कपातून निम्मा सांडलेला.

६ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीजेहून परत आले. मामा जुनं खोगीर घेऊन शिवत बसलेत. विचारलं तर म्हणाले, "उंदरांनी कुरतडलंय."

१० नोव्हेंबर, गुरुवार

मामा गेले. उजाडायच्या आत, तात्याबांच्या वाड्याबरोबर, कोकणात. पाखरीवर बिऱ्हाड लादून. आता मिरगाला येतील म्हणे.

गोठ्यात आत्या एकट्याच शेण काढत होत्या. मला वाटलं, बोलतील. भांडतील. मान वर न करता म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं निम्म्या वर्साचा नवरा केला गं मी. तिचा पाय अडला, तवा दोन वर्सं पुरा मिळाला."