कमान वाळेपर्यंत

गुरुवार, ७ जून

एगिल आज कुंपणापाशी आला आणि हवामानावर बोलला. चांगला लांबलचक! समोरच्या घरात राहतो, आणि इतक्या वर्षांत हवामानावर दोन वाक्यांच्या वर माझ्याशी कधी बोललेला नाही. बोलताना डोळे माझ्या दाराच्या चौकटीवर. जाताना हातातली मोजपट्टी पाठीमागे धरून उलटा चालत गेला. हेरगिरीवर पोट असतं तर उपाशी मेला असता.

म्हणजे ठरलंय तर. मंगळवारी माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. पंचवीस झाली की तुमच्या दारावर शेजाऱ्यांचा हक्क लागतो. आमच्याकडची रीतच ती: आदल्या संध्याकाळी त्यांनी दाराभोवती स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, फांद्यांची कमान ठोकायची, आतल्यांनी हातोड्याचा आवाज ऐकूच आला नाही असं दाखवायचं, आणि सकाळी सातला सगळ्यांनी बाहेर उभं राहून बेसूर गायचं. मग जोडप्याने रात्रीच्या कपड्यांत दार उघडून थक्क व्हायचं. आणि सगळ्यांना नाश्ता.

अडचण एकच, तीही किरकोळ — घरात जोडपं नाही. माझी बायको विबेके एप्रिलपासून ऑर्हुस शहरात तिच्या बहिणीकडे आहे. इथे मी सांगितलंय की बहिणीचा पाय मोडला. बहिणीचा पाय उत्तम आहे. नाचाच्या वर्गाला जाते.

शुक्रवार, ८ जून

खरं सांगून टाकायला एगिलकडे गेलो. त्याच्या कोठारात ताडपत्रीखाली हा एवढा ढीग. ओल्या स्प्रूसचा वास रस्त्यापर्यंत.

"ते... कुंपणासाठी आणलंय," तो म्हणाला. कानापर्यंत लाल.

"छान होईल कुंपण," मी म्हणालो आणि परत आलो.

त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. कोण सांगणार त्याला?

निर्णय झाला. मोटारसायकल काढायची. घर रिकामं दिसलं की समजतील ते समजतील.

शनिवार, ९ जून

निघालो. गाडी सन पन्नासची निंबस. शेवटच्या वॉशरपर्यंत मी स्वतः उघडून जोडलेली. कुठल्या शाळेत शिकलो नाही, म्हणून ती चालते. पुढच्या चाकातली हवा मोजली, मागच्या चाकातली मोजली, पुढचीच पुन्हा मोजली.

बेत असा की बेत नाही. नकाशा नाही, फोन घरी, कुणाला रस्ता विचारायचा नाही, एका रस्त्याने दोनदा जायचं नाही. फाटा आला की जो अरुंद तो घ्यायचा. स्वच्छंद भटकंतीलासुद्धा शिस्त लागते. नाहीतर तो नुसता गोंधळ.

डांबर संपलं, खडी लागली. खडी संपली, मध्ये गवत उगवलेल्या दोन चाकोऱ्या. सगळी झाडं पूर्वेला वाकलेली, वाऱ्याने पाठीत गुद्दा घातल्यासारखी. एका वळणावर ट्रॅक्टरवाला थांबला.

"पुढे रस्ता नाही."

"माहीत आहे."

"मग का चाललात?"

"बघायला."

"काय बघायला? नसलेला रस्ता?"

पुढे खरंच रस्ता नव्हता. खाडी होती. दोन हंस होते, त्यांनाही माझ्या येण्याचं काही वाटलं नाही. परत त्याच वाटेने यावं लागलं. नियम मोडला असं नाही — उलट दिशेने तोच रस्ता वेगळा असतो. ट्रॅक्टरवाला तिथेच होता. मला बघून टोपी उचलली, मेल्याने!

विबेके का गेली ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करायला नको. तिने स्वयंपाकघरात एक फळी बसवली. स्वतः. डावं टोक चार मिलिमीटर खाली. ती कामावर गेल्यावर मी काढून सरळ बसवली. आल्यावर फळीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "या घरात मी लावलेली एक तरी गोष्ट मी लावली तशी राहिली का रे?" मी म्हणालो, कप घसरले असते. कप घसरलेच असते! तिने बॅग भरली.

रविवार, १० जून

रस्त्याकडेला बटाट्यांची टपरी. बटाटे, स्ट्रॉबेऱ्या, पैशांचा डबा, माणूस नाही. 'नवे बटाटे' हा फलक इतका तिरका की मान वाकडी करून वाचावा लागतो. पाना काढला आणि सरळ केला. एवढ्यात टपरीमागच्या घराची खिडकी उघडली, आत एक बाई.

"ओ मिस्तरी! कुणी सांगितलं होतं?"

"तिरका होता."

"आमची टपरी म्हणजे तिरक्या फलकाची. लांबून लोक तेवढ्यावर ओळखतात. करा होता तसा!"

केला. तिरकं बसवायला सरळ बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बाई खिडकीतून "अजून थोडा... अजून..." करत होती.

तंबूत झोपलो. स्ट्रॉबेऱ्या बऱ्या होत्या.

सोमवार, ११ जून

कुठे आहे, कल्पना नाही. हेच तर हवं होतं. फार मजा येतेय. फार.

(दुपारनंतर) एका शेतावर पाणी मागायला थांबलो. कोठारात सात-आठ माणसं, जमिनीवर कमान! शेजारच्या जोडप्याची पन्नास वर्षं. वाटलं, या देशात लोकांना दुसरा उद्योग उरलेला नाही. पाणी प्यायलो आणि गप्प निघणार होतो. पण कमानीचा वरचा भाग अंड्यासारखा झाला होता. अर्धगोल म्हणजे अर्धगोल!

"अंडं झालंय," मी म्हणालो.

कामाची सूत्रं एका म्हातारीकडे होती. कर्स्टीन नाव. तिने माझ्याकडे पाहिलं, तारेचं भेंडोळं माझ्या हातात कोंबलं. "मग कोंबडी हो आणि नीट कर."

नीट केली. दोन तास. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तार ओढताना एकाने विचारलं, "तुमचं किती झालं?"

"पंचवीस."

"कधी?"

"उद्या."

कात्र्या थांबल्या.

"उद्या?" कर्स्टीन म्हणाली. "आणि तू इथे काय करतोयस?"

"कमान गोल करतोय."

"बायको कुठेय?"

"बहिणीकडे."

"आणि शेजारी?"

"ते आत्ता बांधत असतील. अशीच."

"म्हणजे उद्या सकाळी ती माणसं बंद दारापुढे उभी राहून गाणार."

"दार बंद दिसल्यावर गाणार नाहीत."

"गातील. पहिलं कडवं तरी गातीलच. त्यांना वाटेल तुम्ही अजून झोपलाय." तिने माझ्या हातातली तार काढून घेतली. "बायको नसू दे बाबा. एकटा उघड. अंगात रात्रीचा सदरा घाल आणि उघड."

मग मी रस्ता विचारला. हो, मी. सात जणांनी सात रस्ते सांगितले, त्यांत दोघांचं भांडण झालं — जळलेल्या दुग्धशाळेपाशी डावीकडे की उजवीकडे. दुग्धशाळा जळून जमाना झालाय, तिथे आता काहीच नाही, तरी वळायचं तिथूनच! घर तिथून फक्त चाळीस किलोमीटर निघालं. तीन दिवस बेलगाम भटकलो आणि इतकी मजल मारली. कोलंबसला निरोप द्यावा.

मंगळवार, १२ जून

काल रात्री वाटेत पेट्रोल संपत आलेलं, पंप बंद. सकाळपर्यंत उघडायची वाट बघत बसलो. पोचलो तेव्हा गाणं सुरू झालं होतं.

फाटकापासून मला फक्त पाठी दिसत होत्या. एगिल, त्याची बायको तोवे, गल्लीतले सगळे. त्यांच्या डोक्यांवर कमान, मध्ये चंदेरी पंचवीस. आणि दार उघडं होतं.

दारात विबेके. निळा गाऊन, पायांत माझे लोकरी मोजे.

मी हेल्मेट हातात घेऊन मागे उभा राहिलो. काय करावं कळेना, म्हणून दुसरं कडवं म्हटलं. माझ्याच दाराबाहेर! एगिलने आवाज ओळखला, वळला.

"अरे! तू बाहेर काय करतोयस? तू आत असायला हवास!"

"नाश्त्याचे पाव आणायला गेलो होतो."

सगळ्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग गाडीला बांधलेल्या तंबूकडे.

"मिळाले का?" विबेकेने दारातून विचारलं.

"दुकान बंद होतं."

"वाटलंच. म्हणून मी काल घेऊन ठेवले."

काय हसले सगळे! एगिलने तर डोळे पुसले. मी आत गेलो, कमानीखालून, तिच्या शेजारी उभा राहिलो, थक्क झालो. थक्क होण्याचं नाटक करावं लागलं नाही.

सगळे गेल्यावर ती भांडी घासत होती, मी पुसत होतो.

"तोवेचा फोन आला होता," ती म्हणाली. "मंगळवारी घरी आहात ना म्हणून. काय सांगणार होते मी?"

"नाही म्हणायचं."

"तू म्हणालास?"

मी बशी पुसली. कोरडीच होती.

"कमान उतरवायला ते सगळे पुन्हा येतील," ती म्हणाली. "तेव्हा जेवण आणि बिअर आपल्याकडून असते. तेवढं करते त्यांच्यासाठी. मग जाते. यावेळी कायमची."

"कधी उतरवतात?"

"वाळली की."

ती पाहुण्यांच्या खोलीत झोपली.

बुधवार, १३ जून

दार दक्षिणेला. दिवसभर ऊन. मे महिन्यापासून पाऊस नाही. कमान आठवडाभर तरी हिरवी टिकेल का शंका आहे.

शनिवार, १६ जून

पहाटे, ती उठायच्या आत, कमानीवर झारीने पाणी घातलं. तोडलेल्या फांद्यांना! मुळं नाहीत, माती नाही, शास्त्रीय आधार शून्य. माझ्यासारख्या माणसाने! तरी एकेका फांदीला घातलं, खालच्या बाजूने वर.

मागे बघतो तर एगिल त्याच्या फाटकात.

"पाणी घालतोयस?"

"धूळ बसली होती."

"हं." आभाळाकडे बघितलं. "पाऊस नाही म्हणतात."

"नाही."

"हं," म्हणाला आणि आत गेला. दोन वाक्यं. माणूस पूर्वपदावर आला.

मंगळवार, १९ जून

एगिल बोटाने कमानीच्या सुया चाचपायला आला. येत्या शनिवारी गावाची दरवर्षीची, भर उन्हाळ्याच्या सणाची मोठी शेकोटी आहे, कमान तिच्यात टाकायचं त्याच्या डोक्यात आहे. "तोवर वाळायला हवी खरं तर. आतापर्यंत तपकिरी व्हायला हवी होती."

"फांद्या चांगल्या आणल्यास तू," विबेके आतून म्हणाली.

माझ्याकडे बघितलं नाही. बॅग अजून पलंगाखाली आहे, अर्धी भरलेली. मी बघितली असं नाही. दिसली.

शुक्रवार, २२ जून

आज उठायला उशीर झाला. घाईघाईने बाहेर आलो तर झारी खुंटीवर नाही. पायरीवर, रिकामी; शेजारी माझे लोकरी मोजे, ओले. कमानीतून थेंब थेंब पाणी गळतंय.

रात्री पाऊस नव्हता. एगिलचं अंगण कोरडं ठणठणीत. पाहुण्यांच्या खोलीचा पडदा ओढलेला.