उभं पीक सोडून पुण्याले कसं जाऊ

२७ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून कांद्यात स्वावलंबन. इंदू गेल्यापासून मागचं परस दीड वर्ष रिकामंच पडून आहे. टोपलीतल्या चाळीस कांद्यांना कोंब फुटले. बाजारातून अजून दोघांच्या हिशोबानंच आणून राहिलो, तो दोष सवयीचा. फेकण्यापेक्षा लावले. लोकं बी पेरतात, रोप करतात, मग लावतात. फालतू वेळखाऊपणा. माझे कांदे आधीच कांदे आहेत. फक्त मोठं व्हायचं बाकी आहे.

२९ ऑक्टोबर
लोकेश आला. अभनपूरचा, पंधरा वर्षांपासून आमच्या गुढियारी मोहल्ल्यात सायकलवर भाजी विकतो. वाफा पाहून म्हणे, बाबूजी, पुरानी गोंदली लगाओगे तो फूल देगी, गोंदली नहीं देगी. गोंदली म्हणजे त्यांच्याकडचा कांदा. रोप लाव म्हणे, डिसेंबरात. त्याले सांगितलं, रेल्वेच्या गुड्स ऑफिसात चौतीस वर्षं काढली, मले प्लॅनिंग शिकवू नको. "हव," म्हणाला, म्हणजे हो, अन् गेला. त्याच्या हव मध्ये काही दम नव्हता.

९ नोव्हेंबर. रात्री ८
पात वीतभर. पुण्याहून सुशीलचा फोन. म्हणे, बाबा, डिसेंबर-जानेवारी इकडे या, एक खोली रिकामीच आहे, अनुश्रीपण म्हणते आहे. मी म्हटलं, उभं पीक सोडून कसं येऊ? तो म्हणे, शेजारी सांगा पाणी द्यायला. म्हटलं, कांदा म्हणजे का मांजर आहे? हसला. मग म्हणे, बरं, तुमची मर्जी.
एकदाच म्हणाला. मले वाटलं तीनदा तरी म्हणेल. दुसऱ्या वेळचं उत्तर तयार होतं. तिसऱ्या वेळी हो म्हणणार होतो.

१० नोव्हेंबर
फोन नाही. तसाही मी बिझी होतो.

२५ नोव्हेंबर
संकल्प: रोज सकाळी पेपर परसात बसून मोठ्यानं वाचणे. आवाजानं पाखरं येत नाहीत. भिंतीपलीकडून विनोदिनीताईंनी विचारलं, कोण आलं हो भाऊ तुमच्याकडे? शाळेतून रिटायर झाल्या, पण चौकशी सुटली नाही. म्हटलं, कोणी नाही, फोनवर होतो.

१४ डिसेंबर
थंडी कडक. लोकेशनं न मागता रोपाची जुडी आणली. अब भी टाइम है, म्हणे. परत केली. आपला निर्णय आपणच बदलला तर लोकं काय म्हणतील? तो गेल्यावर आठवलं, चहा विचारायला पाहिजे होता. दोन कपांचं दूध होतं.

२ जानेवारी. सकाळी ७
नवीन वर्षाची भेट! चाळीसपैकी एकतीस कांद्यांना प्रत्येकी मधोमध जाड, पोकळ दांडा, वर टोकदार कळी. काय तब्येत! फोटो काढून सुशीलले घरच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, पीक जोमात. सुनेचा, अनुश्रीचा, अंगठा आला.
विनोदिनीताई भिंतीवरून म्हणाल्या, डेंगळे आले हो भाऊ. म्हटलं, हो, भरपूर. त्या भिंतीजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, डेंगळा आला की खाली कांदा धरत नाही. सगळी ताकद फुलात जाते.
शाळेत त्या भूगोल शिकवत होत्या. हा विषय त्यांचा नाही.

४ जानेवारी
मोबाइलवर एका तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. डेंगळे मोडून टाका म्हणे. एकतीसही मोडले. ऑपरेशन सक्सेस. कंबर फेल. आयोडेक्स सापडलं नाही. कुठं ठेवते ते इंदूलेच माहीत.

११ जानेवारी
पुन्हा आले. आता छत्तीस. चिवट जात आहे.

२६ जानेवारी
सगळे फुलले. पांढरे गोल गोंडे, त्यावर मधमाश्या. विनोदिनीताई म्हणाल्या, दिसतात मात्र सुंदर. नीट विचार केल्यावर ध्यानात आलं की मले कांदे करायचेच नव्हते. बी करायचं होतं. बियाण्यालेच खरी डिमांड आहे. लोकेशलेच विकीन.

९ फेब्रुवारी
सहज म्हणून एक उपटला. खाली कांदा नाही. दोन-तीन चपट्या फाका, मधात पेन्सिलीसारखा कडक दांडा. दुसरा उपटला. दहा उपटले. मग उरलेले. अकरा वाजेपर्यंत वाफा रिकामा. बी अजून कच्चं होतं हे नंतर कळलं.
लोकेशकडून एक किलो कांदे घेतले. त्यानं वाफ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. बोलला असता तर भांडता आलं असतं.

१२ फेब्रुवारी. संध्याकाळी
निर्णय: पुणे. आता हातात काही पीक नाही, सुशीलची तक्रार दूर होईल. आधी बॅग भरली, मग फोन लावला. एकदम सांगून खूश करायचं होतं.
म्हटलं, येऊन राहिलो, रविवारची गाडी पाहतो.
तो म्हणे, बाबा, अनुश्रीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या खोलीत त्याच आहेत, जूनपर्यंत. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून त्यांना बोलावलं. हॉलमध्ये झोपाल का? तुमच्या कंबरेला चालेल का पण?
म्हटलं, अरे नाही नाही, मी आपलं असंच विचारलं. इथं कामं पडून आहेत.
कांदे कसे आहेत, म्हणे.
म्हटलं, फर्स्टक्लास.
"मला माहीतच होतं," म्हणे, "तुम्हाला तिथंच करमतं."
हो म्हटलं. विहीणबाईंना जपा म्हटलं. चार मिनिटं बोललो.
बॅग रिकामी केली. शर्ट कपाटात, औषधं खिडकीत. स्वेटर बाहेरच ठेवला, सकाळी गार असतं.
उद्याचा कार्यक्रम:
६ वाजता उठणे.